बोरॉन आणि ऑक्सिजनपाशी आलेख खाली का येतो? ('अपवाद आहे' हे उत्तर सोडून)

टी_स्क्वेअर:

नमस्कार मंडळी. आधी स्वतःबद्दल दोन ओळी, म्हणजे उत्तर कुठल्या पट्टीत द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी व्यवसायाने आरेखक. दिवसभर मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करते. रसायनशास्त्राशी संबंध बारावीनंतर तुटला, आणि तेव्हा वाईट वाटलं होतं असंही नाही. आता भाची अकरावीत आहे. तिला आवर्तसारणीतले कल डोक्यात बसेनात, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "पाठ कसलं करतेस? आलेख काढ, सगळं डोळ्यांसमोर येईल." तिला शिकवायला बसले आणि मीच अडकले.

केलं ते असं. ए-फोर आकाराचा मिलिमीटर कागद उभा धरला. आडव्या अक्षावर दुसऱ्या आवर्तातली, म्हणजे सारणीच्या दुसऱ्या आडव्या ओळीतली, आठ मूलद्रव्यं, दोन-दोन सेंटीमीटरवर. उभ्या अक्षावर पहिली आयनीकरण ऊर्जा (अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी), १ मिलिमीटरला १० किलोज्यूल प्रति मोल या मापाने. आकडे हे: लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लुओरिन १६८१, निऑन २०८१.

पुस्तकातलं कारण मला पटलं होतं. डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकावरचा प्रभार एकेकाने वाढतो, नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतो, एका कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना नीट आडोसा देत नाहीत, म्हणून ओढ वाढत जाते. भाचीच्या वहीत स्लेटरचे १९३० सालचे नियम होते. त्यांनी प्रत्येकाचा 'प्रभावी प्रभार', म्हणजे आडोसा वजा जाता बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा केंद्रकाचा प्रभार, काढला: लिथियम १.३०, बेरिलियम १.९५, बोरॉन २.६०, आणि असंच निऑनच्या ५.८५ पर्यंत. प्रत्येक पायरी बरोबर ०.६५ ची. इतका सुबक जिना मी स्वतः काढला असता तरी असा आला नसता.

आणि मग प्रत्यक्ष आकड्यांचा आलेख काढला तर करवत! बेरिलियमवरून बोरॉनला येताना जवळजवळ एक सेंटीमीटर खाली. नायट्रोजनवरून ऑक्सिजनला येताना नऊ मिलिमीटर खाली. आमच्याकडे दोन बिंदू असे रेघ सोडून गेले की आधी मोजमाप तपासतात, मग ड्रॉइंग, आणि मग ड्रॉइंग करणाऱ्याला. आकडे तीन ठिकाणी ताडून पाहिले. बरोबर आहेत.

भाचीने वर्गात विचारलं. उत्तर मिळालं, "ते दोन अपवाद आहेत, पाठ करायचे." आठातले दोन अपवाद? मग तो नियम कसला?

जाता जाता दुसरी शंका. त्रिज्यांचाही आलेख काढला. लिथियमपासून फ्लुओरिनपर्यंत छान उतार, फ्लुओरिन ७१ पिकोमीटर, आणि लगेच शेजारी निऑन १५४. हे काय गौडबंगाल?


फक्त_मुद्द्याचं:

२एस आणि २पी ही दुसऱ्या कवचातली उपकवचं. नायट्रोजनचं २पी अर्धभरित असतं, बेरिलियमचं २एस पूर्ण भरलेलं असतं. अर्धभरित आणि पूर्णभरित संरूपण जास्त स्थिर असतं. त्यातून इलेक्ट्रॉन काढायला जास्त ऊर्जा लागते. एवढंच. परीक्षेत एवढ्याला पूर्ण गुण मिळतात.


ब्युरेट:

गुण मिळतात हे खरं. मीही ते देत आलो आहे, त्यामुळे गुन्ह्यात सहभागी आहे.

टी_स्क्वेअर ताई, जन्मभर हा विषय शिकवला. पहिली दहाएक वर्षं 'अर्धभरित म्हणून स्थिर' एवढं लिहून फळा पुसत होतो. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, स्थिर म्हणजे कशाच्या तुलनेत?" तास संपायला वीस मिनिटं होती. ती वीस मिनिटं मला फार लांब गेली.

तुमच्या आलेखात दोन दात आहेत, पण दोघांचं दुखणं वेगळं आहे. एकाच औषधावर भागवायला गेलो म्हणून सगळा घोळ होतो.

आधी बोरॉन. स्लेटरने एस आणि पी यांना एकाच डब्यात बसवलं आहे. त्याच्या हिशोबात २एस आणि २पी मधला फरकच नाही, म्हणून तुमचा जिना सरळ आला. प्रत्यक्षात २एस इलेक्ट्रॉनचा थोडा वावर अगदी केंद्रकापाशी असतो, आतल्या १एस जोडीच्याही आत तो डोकावून येतो. २पी इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जागी सापडण्याची शक्यता शून्य. तो बाहेरून बाहेरून फिरणारा. त्यामुळे त्याच अणूत २पी इलेक्ट्रॉन २एसपेक्षा सैल धरलेला असतो. बेरिलियममधून निघतो तो २एसचा, बोरॉनमधून निघतो तो २पीचा. केंद्रकाचा प्रभार ४ चा ५ झाला हा फायदा खरा, पण घट्ट जागेवरून सैल जागेवर आलो हा तोटा त्याहून मोठा. म्हणून ९८ किलोज्यूलची घट. यात बेरिलियमच्या अंगी काही खास स्थैर्य आहे असं मानायची गरज नाही.

आता ऑक्सिजन. इथे तुमचीच विद्या वापरू. पट्टी घ्या. बोरॉन, कार्बन, नायट्रोजन या तीन बिंदूंवर ठेवा. मग ऑक्सिजन, फ्लुओरिन, निऑन या तिघांवर ठेवा. काय दिसतं ते तुम्हीच सांगा, मी आधी सांगत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा: नायट्रोजन जर खरोखर खास असता, तर एकटा तोच वर उचललेला दिसला असता आणि त्याच्या पुढचे तिघं पुन्हा जुन्या रेषेवर येऊन बसले असते.

आणि एक गृहपाठ. दुसऱ्या आयनीकरण ऊर्जेचा, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गेल्यावर दुसरा काढायला लागणाऱ्या ऊर्जेचा, आलेख काढा. लिथियम ७२९८, बेरिलियम १७५७, बोरॉन २४२७, कार्बन २३५३, नायट्रोजन २८५६, ऑक्सिजन ३३८८, फ्लुओरिन ३३७४, निऑन ३९५२. दात कुठे आहेत ते बघा.

निऑनचं दुसरं कुणीतरी सांगेल, मला टंकायला वेळ लागतो.


टी_स्क्वेअर:

ब्युरेट सर, काल रात्री भाची आणि मी दोघी बसलो. दोन गोष्टी कळवते.

एक, पट्टी. बोरॉन-कार्बन-नायट्रोजन जवळजवळ सरळ रेषेत. चढ २८५, मग ३१६. ऑक्सिजन-फ्लुओरिन-निऑन हेही जवळजवळ सरळ रेषेत. चढ ३६७, मग ४००. दोन रेषा, एकमेकींना साधारण समांतर, दुसरी किंचित जास्त उभी. पहिली रेष नायट्रोजनच्या पुढे त्याच चढाने वाढवली तर ऑक्सिजन १७१८ च्या आसपास यायला हवा होता. आहे १३१४. म्हणजे ४०० ने, माझ्या कागदावर चार सेंटीमीटर, खाली! नऊ मिलिमीटरचा दात मला खुपत होता. खरी घसरण चार सेंटीमीटरची आहे आणि ती एकट्या ऑक्सिजनची नाही. फ्लुओरिन आणि निऑनही तिच्यासकट खालीच राहिलेत. ते परत वर येतच नाहीत.

म्हणजे नायट्रोजन वर नाही. त्याच्या पुढचं सगळं बिऱ्हाड खालच्या मजल्यावर आहे. असंच ना?

दोन, दुसरी आयनीकरण ऊर्जा. माप निम्मं करावं लागलं, १ मिलिमीटरला २०. तरी लिथियम कागदाबाहेर जाऊन टेबलावर पडला (तिथे खडूने फुली मारली आहे, अजून पुसलेली नाही). तो इतका वर का, ते भाचीनेच सांगितलं: पहिला इलेक्ट्रॉन गेल्यावर आतलं कवच उघडं पडतं. बाकी सात बिंदूंत दात आहेत, पण बोरॉन आणि ऑक्सिजनपाशी नाहीत. कार्बन आणि फ्लुओरिनपाशी आहेत! एक घर उजवीकडे सरकले.

हे बघून भाची म्हणाली, "मावशी, म्हणजे दात मूलद्रव्याचा नाहीच, इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा आहे." एक इलेक्ट्रॉन गेलेल्या कार्बनमध्ये पाच इलेक्ट्रॉन, बोरॉनइतकेच. एक गेलेल्या फ्लुओरिनमध्ये आठ, ऑक्सिजनइतके. मी तिच्याकडे बघतच राहिले. पाठ करायला सांगितलेले दोन्ही अपवाद तिने पाच मिनिटांत एका वाक्यात बसवले.

पण मग आठव्या इलेक्ट्रॉनपाशी नेमकं होतं काय?


ब्युरेट:

शाबास, दोघींना. भाचीला सांगा की हे वाक्य सुचायला मला बारा वर्षं नोकरी करावी लागली.

आठव्या इलेक्ट्रॉनपाशी जागा संपतात. २पीची ऑर्बिटल तीन. पाचवा, सहावा, सातवा इलेक्ट्रॉन प्रत्येकी वेगळ्या खोलीत राहतो. आठव्याला कुणाच्या तरी खोलीत शिरावं लागतं. दोन ऋण प्रभार एकाच खोलीत म्हणजे धुसफूस आलीच, आणि त्या जोडीतला एक बाहेर काढायला सोपा जातो. फ्लुओरिन आणि निऑनमध्येही जो निघतो तो जोडीतलाच असतो, म्हणून तेही खालच्या रेषेवर. तुमच्या 'खालच्या मजल्याचं' कारण हे.


उलटी_फिरकी:

ब्युरेट सरांचं उत्तर बरोबर आहे पण अर्धं आहे, म्हणून मध्ये तोंड घालते. खोलीतली धुसफूस सगळे सांगतात. दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि तो तर बोटांवर मोजता येतो.

प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा गुण असतो, तो 'वर' किंवा 'खाली' असा दोनच प्रकारचा. समान स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन मुळातच एकमेकांच्या वाटेला कमी जातात. हा कुठला वेगळा बळाचा प्रकार नाही, पाउलीच्या तत्त्वातूनच (समान स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एका ऑर्बिटलमध्ये राहू शकत नाहीत) ते येतं. परिणाम असा की समान स्पिनच्या प्रत्येक जोडीमागे अणूची ऊर्जा थोडी कमी होते. याला विनिमय ऊर्जा म्हणतात. आता २पीमधल्या समान स्पिनच्या जोड्या मोजा, आणि एक इलेक्ट्रॉन निघाला की किती जोड्या मोडतात ते बघा.

बोरॉनमध्ये एकच इलेक्ट्रॉन, जोडी नाही, मोडतात ०. कार्बनमध्ये दोन, एक जोडी, मोडते १. नायट्रोजनमध्ये तीन, जोड्या तीन, एक निघाला की उरते एक, मोडल्या २. ऑक्सिजनमध्ये तीन वरच्या स्पिनचे आणि एक खालचा. तो एकटा खालचा निघतो, त्याची कुणाशीच जोडी नव्हती, मोडतात ०. फ्लुओरिनमध्ये १, निऑनमध्ये २.

०, १, २, ०, १, २. टी_स्क्वेअर ताई, हा तुमच्या दोन रेषांचाच नकाशा आहे. नायट्रोजनमधून काढताना दोन जोड्यांचं नुकसान सोसावं लागतं, ऑक्सिजनमधून काढताना एकाचंही नाही. पाने उलटून 'अर्धभरित म्हणजे स्थिर' हे वाक्य शोधत बसण्यापेक्षा हे सहा आकडे वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.


फक्त_मुद्द्याचं:

शेवटी अर्धभरितच आलं की. तीन समान स्पिन म्हणजे अर्धभरित.


उलटी_फिरकी:

आलं, पण कारण म्हणून नाही, परिणाम म्हणून. 'अर्धभरित स्थिर असतं' या वाक्यातून फ्लुओरिन आणि निऑन खाली का राहतात ते निघत नाही. ०, १, २ मधून निघतं. तुमच्या वाक्याने एक बिंदू समजतो, या मोजणीने सहा.


जड_मूलद्रव्य:

निऑन राहिला बाजूला, म्हणून लिहितो.

७१ आणि १५४ हे आकडे एका पट्टीने मोजलेलेच नाहीत. फ्लुओरिनचे दोन अणू बंधाने जोडलेले असतात, त्यांच्या केंद्रकांत १४२ पिकोमीटर अंतर, त्याचं निम्मं ७१. ही सहसंयुज त्रिज्या. निऑन कुणाशी बंधच करत नाही, त्याचं निम्मं काढणार कशाचं? त्याची दिली जाते ती व्हॅन डर वाल्स त्रिज्या, म्हणजे न बांधलेले दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊन थांबतात त्यावरून काढलेली. हातात हात घालून उभे असलेल्यांचं अंतर आणि बसच्या रांगेत अनोळखी उभे असलेल्यांचं अंतर, असा फरक. फ्लुओरिनचीही व्हॅन डर वाल्स त्रिज्या घेतली तर १४७ येते. मग उडी उरते ७ पिकोमीटरची. आणि सुट्या, एकट्या अणूसाठी गणिताने काढलेल्या त्रिज्या घेतल्या तर फ्लुओरिन ४२, निऑन ३८, उतार चालूच. तुमच्यासारख्या आरेखकाला हे सांगायला नको: एका ड्रॉइंगवर दोन एककं मिसळली की काय होतं.

आता माझा आवडता विषय. आडव्या कलांवर सगळे भांडतात, उभ्या कलांकडे, म्हणजे गणांकडे (सारणीतल्या उभ्या स्तंभांकडे), कुणी बघत नाही. 'गणात खाली जाताना अणू मोठा होतो, आयनीकरण ऊर्जा कमी होते.' पहिल्या गणात हे शहाण्या मुलासारखं चालतं: लिथियम ५२०, सोडियम ४९६, पोटॅशियम ४१९, रुबिडियम ४०३, सिझियम ३७६. आता तेराव्या गणात या. बोरॉन ८०१, ॲल्युमिनियम ५७८, गॅलियम ५७९, इंडियम ५५८, थॅलियम ५८९. हा उतार आहे की खडबडीत रस्ता? सहसंयुज त्रिज्या पाहा, ॲल्युमिनियम १२१, गॅलियम १२२. अख्खं एक कवच वाढलं आणि अणू जागचा हलला नाही.

इथे मात्र स्लेटर कामाला येतो. सोडियमचा प्रभावी प्रभार २.२, पोटॅशियमचाही २.२. ओढ तेवढीच, कवच एकाने बाहेर, म्हणून मुकाट्याने मोठा होतो. ॲल्युमिनियमचा ३.५, गॅलियमचा थेट ५.०. कारण या दोघांच्या मध्ये ३डीचे दहा इलेक्ट्रॉन भरून गेले. केंद्रकात दहा प्रोटॉन वाढले, पण डी इलेक्ट्रॉनांचा आडोसा विरळ, फाटक्या छत्रीसारखा. त्यातून गळणारी ओढ गॅलियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर पडते.

गंमत म्हणजे गॅलियम हे कलांवरून भाकीत केलेलं मूलद्रव्य. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने ॲल्युमिनियमखाली जागा रिकामी ठेवली होती. १८७५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लकॉक द ब्वाबोद्रांने ते वर्णपटावरून शोधलं आणि घनता ४.७ सांगितली. मेंडेलीव्हने कळवलं की ती ५.९ च्या आसपास असायला हवी. नमुना आणखी शुद्ध करून पुन्हा मोजली, ५.९ आली. म्हणजे घनतेचा कल पाळणारं हेच मूलद्रव्य त्रिज्येचा कल मात्र मोडतं. वर पुन्हा २९.८ अंश सेल्सिअसला वितळतं, तळहातावर ठेवलं की पाणी पाणी. मी एकदा हातमोजे न घालता ते केलं होतं. बोटांवरचा राखाडी डाग दोन दिवस गेला नाही.

फाटक्या छत्रीचा कळस पाहायचा तर झिर्कोनियम आणि हाफ्नियम. या दोघांच्या मध्ये लँथनमनंतरची चौदा मूलद्रव्यं येतात, ४एफ भरत जातं, आणि एफचा आडोसा डीपेक्षाही विरळ. परिणाम: झिर्कोनियमची धातू त्रिज्या १६० पिकोमीटर, हाफ्नियमची १५९. खालचा वरच्यापेक्षा किंचित लहानच. आकार एक, बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखे, म्हणून रसायनही एक. झिर्कोनियम १७८९ पासून माहीत होतं, आणि त्याच्या खनिजांत टक्का-दोन टक्के हाफ्नियम सगळा वेळ बसलेलं होतं. कुणाला पत्ता नाही. शेवटी १९२३ मध्ये कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी क्ष-किरणांच्या वर्णपटावरून ते पकडलं. शहराचं लॅटिन नाव हाफ्निया, त्यावरून नाव.

फरक दिसतो तो वजनात. घनता ६.५ आणि १३.३. तेवढ्याच जागेत दुप्पट माल. आणि दिसतो अणुभट्टीत: झिर्कोनियम न्यूट्रॉनांना जवळजवळ अडवत नाही म्हणून इंधनाच्या नळ्या त्याच्या, हाफ्नियम न्यूट्रॉन गिळतं म्हणून ते नियंत्रक कांड्यांत. रसायनाने जुळे, केंद्रकाने वैरी. अणुभट्टीसाठी दोघांना वेगळं केल्याशिवाय चालत नाही, आणि वेगळं करणं हे त्या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम.


टी_स्क्वेअर:

जड_मूलद्रव्य, दोन एककांचा टोमणा जिव्हारी लागला. त्रिज्यांचा आलेख फाडला, नवा काढते आहे.

उलटी_फिरकी, ०-१-२ भाचीच्या वहीच्या कोपऱ्यातच लिहिलं आहे, तुम्ही सांगितलंत तसं.

आता माझं काल रात्रीचं उद्योगपर्व. एक आवर्त झालं तर बाकीची का सोडायची, म्हणून पी-खंडातली (ज्यांचं पी उपकवच भरत जातं ती) सहा-सहा मूलद्रव्यं त्याच मापाने, १ मिलिमीटरला १०.

तिसरं आवर्त: ॲल्युमिनियम ५७८, सिलिकॉन ७८६, फॉस्फरस १०१२, गंधक १०००, क्लोरिन १२५१, अरगॉन १५२१. फॉस्फरसवरून गंधकाला दात जेमतेम एक मिलिमीटर.

चौथं: गॅलियम ५७९, जर्मेनियम ७६२, आर्सेनिक ९४४, सेलेनियम ९४१, ब्रोमिन ११४०, क्रिप्टॉन १३५१. दात ३ किलोज्यूलचा, कागदावर ०.३ मिलिमीटर. माझी पेन्सिल ०.३ ची आहे. दात रेघेतच गडप झाला.

सुरुवातीला मला वाटलं, चला, खाली जाताना ही भानगड संपते. पण सवयीने पट्टी ठेवली. आधीची रेष वाढवून बघितली तर गंधक असायला हवं होतं १२३८ ला, म्हणजे घसरण जवळजवळ २४०. सेलेनियम ११२६ ला असायला हवं होतं, घसरण १८५. दुसऱ्या आवर्तात ४००, मग २४०, मग १८५. दात दिसेनासा झाला तरी घसरण गेलेली नाही. चढच एवढा सौम्य झालाय की घसरण त्याला जेमतेम पुरून उरते. नुसते आकडे वाचले असते तर 'सेलेनियमपाशी अपवाद जवळजवळ नाही' असं लिहून मोकळी झाले असते.

घसरण कमी का होते याचा माझा अंदाज: ३पी, ४पी या खोल्या मोठ्या, म्हणून जोडीने राहणाऱ्यांची धुसफूस कमी. बरोबर?

पाचव्यात मात्र माझा हिशोब बिघडला. इंडियम ५५८, कथिल ७०९, अँटिमनी ८३१, टेल्युरियम ८६९, आयोडिन १००८, झेनॉन ११७०. दात नाहीच, उलट थोडा चढ आहे. पण पहिली रेष सरळ नाही. कथिलावरून अँटिमनीला जाताना ती वाकते, १५१ चा चढ १२२ वर येतो. वरच्या दोन्ही आवर्तांत दुसरा चढ पहिल्याएवढा किंवा जास्त होता. इथे कमी कसा?


ब्युरेट:

अंदाज बरोबर. खोली मोठी, भांडण कमी.

वाकलेली रेष पकडलीत, हे मला फार आवडलं. दात सगळ्यांना दिसतात, बाक कुणाला दिसत नाही. तो बाक पुढच्या घटनेची चाहूल आहे. सहावं आवर्त काढा: थॅलियम ५८९, शिसं ७१६, बिस्मथ ७०३, पोलोनियम ८१२.


टी_स्क्वेअर:

थांबा. दात बिस्मथपाशी आला? तिथे तर ६पीमध्ये तिसरा इलेक्ट्रॉन आहे, नायट्रोजनच्या खालची जागा. ०-१-२ प्रमाणे ते सगळ्यात वर असायला हवं!


उलटी_फिरकी:

जड अणूंत माझे सहा आकडे पुरत नाहीत, कबूल. केंद्रकाचा प्रभार ८० च्या घरात गेला की इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याचं फिरणं यांचा एकमेकांशी जोरात संबंध येतो. मग ६पीच्या तीन सारख्या खोल्या उरतच नाहीत. एक खालचा कप्पा होतो, त्यात दोन इलेक्ट्रॉन मावतात. आणि एक वरचा, त्यात चार. थॅलियमचा एक आणि शिशाचे दोन खालच्या कप्प्यात. तो भरला. बिस्मथच्या तिसऱ्याला वरच्या, सैल कप्प्यात जावं लागतं. अँटिमनीपाशी हे नुकतं सुरू झालेलं असतं, म्हणून तिथे दात नाही, नुसता बाक.


टी_स्क्वेअर:

म्हणजे घट्ट जागा भरली, पुढचा सैल जागेवर गेला. बिस्मथचा दात ऑक्सिजनच्या जातीचा नाही, बोरॉनच्या जातीचा आहे!

मिलिमीटर कागद संपलेत. भाची ड्रॉइंग शीटच्या मागच्या बाजूवर चौकटी आखते आहे.